कृती खुली, आज्ञावली बंद

मे २०१८ मध्ये कर्नाटकात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी प्रथम आढळली, तेव्हा तिची ओळख शरीररचनेबरोबरच डीएनए क्रमावरूनही पक्की करण्यात आली. आता सापळ्यातील शेकडो कीटकांची ओळख एकत्रितपणे डीएनएवरून पटवता येते. मात्र लक्षावधी क्रमांची तुलना करणारी संगणकीय आज्ञावली कोणाच्या मालकीची, हे आपण क्वचितच विचारतो. येलहंक्यासारख्या सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संशोधन परिसरात हा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे.

या कामासाठी 'यूसर्च' दीर्घकाळ प्रचलित होती. रॉबर्ट एडगर यांनी २०१० मध्ये तिची कार्यपद्धती प्रसिद्ध केली. स्रोत मात्र बंद ठेवला. ३२ बिटची आवृत्ती विनामूल्य, पण स्मृतीची मर्यादा ४ जीबी; मोठ्या कामासाठी सशुल्क परवाना. तेव्हा टॉर्बयॉर्न रोग्नेस व सहकाऱ्यांनी 'व्हीसर्च' नव्याने लिहून २०१६ मध्ये खुल्या परवान्याखाली सादर केली. पुढे 'यूसर्च'चाही स्रोत खुला झाला.

ही परिश्रमांची चोरी नव्हे काय? नव्हे. प्रताधिकार लिखित आज्ञावलीला असतो, कल्पनेला नाही. कृती वाचून स्वयंपाक करता येतो. दुसऱ्याच्या घरातले शिजलेले पातेले उचलून आणता येत नाही. भारतीय पेटंट कायद्याचे कलम ३(के) अल्गोरिदमला पेटंट नाकारते. परदेशात स्थिती वेगळी असू शकते. प्रतिमा जुळवणारी 'सिफ्ट' पद्धती अमेरिकी पेटंटमुळे 'ओपनसीव्ही' या मुक्त संचाच्या मुख्य भागाबाहेर ठेवावी लागली. २०२० मध्ये मुदत संपल्यावरच ती आत आली.

पुनर्लेखन मूळ आज्ञावलीइतकेच उत्तर देईल, असेही नाही. 'व्हीसर्च' क्रमांची संपूर्ण जुळणी करते, 'यूसर्च' वेगासाठी अनुमानाचा आधार घेते. निकट प्रजातींच्या गटवारीत यामुळे फरक पडू शकतो. म्हणून शोधनिबंधात आज्ञावलीचे नाव, आवृत्ती आणि मूळ पद्धतीच्या कर्त्याचे श्रेय नोंदवणे अनिवार्य मानावे.

आपली बाजूही तपासावी. परवाना न लिहिता संकेतस्थळावर ठेवलेली आज्ञावली खुली नसते. ती वापरण्याचा हक्क इतरांना मिळत नाही. नव्या प्रजातीचे वर्णन करताना टाइप नमुना संग्रहालयात ठेवण्याची शिस्त कीटकशास्त्राने पूर्वीच स्वीकारली आहे, कारण पुढील अभ्यासकाला पडताळणी करता आली पाहिजे. ज्या आज्ञावलीच्या निर्णयावर शेतकऱ्याला फवारणीचा सल्ला दिला जातो, तिलाही हाच दंडक लागू व्हावा.