तापलेल्या खोलींतील योगासनें

मुलाकडे सहा महिने राहावयास अमेरिकेंत गेलेल्या आमच्या एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांच्या सूनबाईंनीं तेथील 'हॉट योगा'च्या वर्गांत नांव घातलें असून, "आई, तुम्हीही चला, सांधे मोकळे होतील," असा त्यांचा प्रेमाचा आग्रह आहे. भगिनींची साठी उलटलेली आहे आणि रक्तदाबासाठीं त्या लघवीवाटे पाणी काढणारी गोळी रोज घेतात. आपण जावें कीं न जावें, व सूनबाईंनीं तरी तयारी काय करावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रथम हा प्रकार काय आहे तें सांगूं. परमहंस योगानंदांचे धाकटे बंधु विष्णुचरण घोष हे कलकत्त्याचे नामांकित व्यायामाचार्य. त्यांच्या परंपरेंतील बिक्रम चौधरी यांनीं १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत हा वर्ग रूढ केला. सव्वीस आसनें, दोन श्वसनक्रिया, नव्वद मिनिटांचा अवधि आणि खोलीचें उष्णमान सुमारें १०५ अंश फॅरनहाइट, असा त्याचा सांचा. या क्रमावर चौधरींनीं मालकी सांगितली. ती तेथील अपील-न्यायालयानें २०१५ सालीं अमान्य केली. पुढें २०१६ सालीं, एका स्त्रीनें लैंगिक छळाबद्दल लाविलेल्या दाव्यांत, ज्यूरीनें त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. आज पुष्कळ वर्ग त्यांचें नांव न घेतां चालतात आणि प्रत्येकाची उष्णता वेगळी असते. म्हणून नांव घालण्यापूर्वींच ती विचारून घ्यावी.

ही विद्या प्राचीन आहे असें कोणी सांगितल्यास मान डोलवूं नये. आसनें आपलीं खरीं, पण भट्टी नवी. हठप्रदीपिकेंत साधकाच्या कुटीभोंवतीं धनुष्यभर अंतरांत दगड, अग्नि व पाणी नसावें असें सांगितलें आहे. श्रमानें आलेला घाम अंगास चोळावा असेंही तेथें आहे; परंतु तो श्रमाचा घाम, शेगडीचा नव्हे. अर्थात् नवें म्हणून टाकावें असें आमचें म्हणणें नाहीं. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रिया यंत्रांनीं तपासण्याचा प्रघात पाडला. तोच न्याय येथेंही लावावा. तशी एक परीक्षा अमेरिकेंत झाली व तिचा निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. चाळीस ते साठ वयाच्या, बैठें जीवन जगणाऱ्या मंडळींपैकीं कांहींना तापलेल्या खोलींत व कांहींना साध्या खोलींत हींच आसनें बारा आठवडे करावयास लाविलीं. रक्तवाहिन्यांच्या लवचिकपणांत दोहींकडे सारखीच सुधारणा दिसली. म्हणजे या बाबतींत तरी गुण आसनांचा ठरला, उष्णतेचा नव्हे.

घामावाटे अंगांतील विष निघून जातें, हा समजही सोडावा. तें काम मूत्रपिंडांचें व यकृताचें. घामांत मुख्यतः पाणी व मीठ असतें. वर्गापूर्वीं व वर्गानंतर वजन करून पाहावें. एक किलो घटलें तर अंगांतून सुमारें एक लिटर पाणी गेलें, चरबी नव्हे.

आतां सूनबाईंची तयारी. प्रकृति निरोगी असल्यास त्यांनीं खुशाल जावें. जेवणानंतर दोन-तीन तास मध्यें जाऊं द्यावे; अगदीं रिकाम्या पोटींही जाऊं नये. पाणी सकाळपासून थोडें थोडें प्यावें, दारांत उभें राहून तांब्याभर रिचवूं नये. वर्गानंतर नुसत्या पाण्यावर पाणी पीत सुटल्यास रक्तांतील मीठ पातळ होतें. चिमूटभर मीठ घातलेलें ताक अधिक बरें. कपडे आंखूड व हलके असावे, कारण घामानें भिजलेलें लुगडें किंवा सैल सलवार पायांत अडकते. चटईवर पंचा अंथरावा, नाहींतर पाय घसरतो. पहिल्या दिवशीं पाव तास आधीं जाऊन नुसतें बसावें. शरीराला उष्णतेची संवय होण्यास एक-दोन आठवडे लागतात. तोंवर निम्मीं आसनें झालीं तरी पुष्कळ. घेरी, मळमळ किंवा डोकेदुखी वाटतांच खालीं पडून राहावें, आणि तेवढ्यानें न थांबल्यास बाहेर यावें. "सहन करा" म्हणणारा गुरु असेल तर वर्ग बदलावा. एक धोका लौकर ध्यानांत येत नाहीं: उष्णतेनें स्नायु सैल झालेसे वाटतात, मनुष्य नेहमींपेक्षां अधिक वांकतो, आणि दुखापत दुसऱ्या दिवशीं कळते. थंडीच्या दिवसांत ओले कपडे बदलल्याशिवाय बर्फांत पाऊल टाकूं नये, हें त्या देशीं राहणाऱ्यांस सांगणें नलगे.

आणखी एक नाजूक गोष्ट. दिवस गेल्याची नुसती शंका असली तरी या खोलींत जाऊं नये; आरंभींच्या आठवड्यांत मातेच्या अंगाची उष्णता फार वाढणें गर्भास अपायकारक होऊं शकतें. सूनबाईंनीं एखादे दिवशीं कारण न सांगतां वर्ग बंद केला, तर घरांत कोणी विचारपूस करूं नये.

स्वतः भगिनींनीं मात्र जाऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. उष्णतेनें त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात, रक्त तिकडे वळतें व रक्तदाब उतरतो. गोळीनें अंगांतील पाणी व मीठ आधींच कमी झालेलें. अशा स्थितींत ओणव्यानें उभें राहतांना तोल जाऊन पडणें सोपें, आणि या वयांत खुब्याचें हाड मोडणेंही सोपें. वर्गासाठीं एक दिवस गोळी टाळूं, हा विचार तर मुळींच मनांत आणूं नये. सांधे मोकळे व्हावेत हीच इच्छा असेल, तर डॉक्टरांस विचारून, खुर्चीच्या आधारानें करण्याजोगीं आसनें सूनबाईंकडूनच शिकावीं, घरांतल्या साध्या खोलींत, खिडकी थोडी उघडी ठेवून.