विश्लेषण : लेझरमुळे दातांच्या तारा खरंच लवकर निघतात?

दीड-दोन वर्षं दातांना तारा लावून फिरायचं म्हटलं की कॉलेजातली मुलं वैतागतात; लग्न ठरायच्या वयातली तर जास्तच. त्यामुळे अंधेरी किंवा मुलुंडच्या एखाद्या दवाखान्यात ‘सोबत लेझर घ्या, लवकर सुटका’ असं कानावर पडलं, तर मोह होणं साहजिक आहे.

लेझर नेमकं काय करतो?

तारेचा दाब पडला की दाताच्या एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं. दात सरकतो तो असा. हा लेझर कापणारा नसतो. त्याचा लाल किंवा अवरक्त प्रकाश पेशींना चालना देतो आणि हाडांची ही उलाढाल वेगाने होते, असा सिद्धांत आहे.

नागपूरचा ३० टक्क्यांचा आकडा

याविषयीचा एक महत्त्वाचा अभ्यास महाराष्ट्रातलाच आहे. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातल्या गौरी दोशी-मेहता आणि वसुंधरा भड-पाटील यांचा तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. २० रुग्णांच्या जबड्याच्या एका बाजूला लेझर दिला, दुसरी बाजू तशीच ठेवली. लेझरच्या बाजूचा सुळा सरासरी ३० टक्के जास्त वेगाने सरकला, दुखणंही कमी झालं.

मेख इथेच आहे. हा वेग फक्त सुळा मागे घेण्याच्या टप्प्याचा. आधी दात ओळीत आणणं, शेवटी चावा जुळवणं, हा वेळ त्यात धरलेला नाही. त्यामुळे २० महिन्यांचे १४ होतील, असा हिशेब मांडणं चूक ठरेल.

शिवाय फेऱ्या! त्या अभ्यासात पहिल्या महिन्यात चार वेळा आणि पुढे दर १५ दिवसांनी लेझर दिला होता. एरवी तारा आवळायला चार ते सहा आठवड्यांतून एकदा जावं लागतं. बोरिवलीहून मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात किंवा घाटकोपरहून सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात उपचारांसाठी जाणाऱ्यांना ती एक फेरीसुद्धा जड जाते.

मग पैसे मोजावेत का?

जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३च्या आढाव्यात, अशा पूरक उपायांनी उपचारांचा काळ लक्षणीय घटतो याचा भक्कम पुरावा सापडला नाही. वेदनेबाबत चित्र थोडं बरं आहे. तार आवळल्यावर साधारण पहिल्या दिवशी दुखणं सर्वाधिक असतं आणि ते लेझरने कमी होऊ शकतं, असं याच संस्थेचा २०१६चा आढावा सांगतो. पण तो पुरावाही कमकुवतच.

त्यामुळे पॅकेज घेण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : लेझर कोणत्या टप्प्यात देणार, किती वेळा, आणि त्याचे पैसे वेगळे किती?