दोन दवाखाने, एक बोगदा

राजवाड्याजवळचा माझा जुना दवाखाना आणि विजयनगरचे बालरुग्णालय यांत अंतर फार नाही; परंतु दोन्हीकडील संगणकांची जाळी अनेक वर्षे परस्परांस अनोळखी होती. एकदा रात्री दोन वाजता अडीच वर्षांचे मूल विजयनगरला दाखल झाले. ज्या औषधाने पूर्वी त्याच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, त्याची नोंद राजवाड्याच्या बंद दवाखान्यात! आईला नाव आठवले म्हणून निभावले.

जोडणीचा पहिला मार्ग चुकीचा निवडला. तंत्रज्ञाने राऊटरमध्ये पोर्ट उघडून रिमोट डेस्कटॉपची सोय केली. मी कौतुकाने मान डोलावली. काही आठवड्यांनी सर्व फाइली कुलूपबंद आणि पडद्यावर खंडणीची मागणी. वेगळ्या डिस्कवर प्रत होती. दोष माझाही; रस्त्यावर उघडणारे दार मी पाहिलेच नव्हते.

मग व्हीपीएनचा बोगदा केला. दोन्ही टोकांचे राऊटर किल्ल्यांनी परस्परांची ओळख पटवितात आणि मधला मजकूर सांकेतिक करून धाडतात. रस्ता सार्वजनिकच, पण वाटेत कोणास काही वाचता येत नाही. आयपीसेक ही जुनी पद्धत; २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आलेले वायरगार्ड मांडणीस सोपे. आमचा बोगदा प्रथम चालेना, कारण दोन्हीकडे १९२.१६८.१ ने सुरू होणारे तेच ते पत्ते. संगणक पलीकडचे यंत्र आपल्याच घरात शोधीत बसे! एकीकडचे पत्ते बदलले, तेव्हा मार्ग खुला झाला.

तथापि बोगदा झाला म्हणजे आपण सुरक्षित झालो, ही समजूत मला घातक वाटते. वारेमध्ये आईचे व बाळाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही, केवळ देवाणघेवाण होते. तरी रुबेलाचा विषाणू पलीकडे पोहोचतोच. बोगदा वाटेतल्या चोरापासून वाचवितो, टोकाच्या आजारापासून नव्हे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय विंडोजच्या फाइल-वाटप सेवेतील दोषातून आपोआप पसरला आणि ब्रिटनमधील रुग्णालयांना हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध होती. अनेक संगणकांवर ती बसविलीच नव्हती. म्हणून दोन्ही जाळी सरसकट एक करण्यास माझा विरोध आहे. आमच्या बोगद्यातून फक्त नोंदींच्या सर्व्हरपर्यंत जाता येते. क्ष-किरण यंत्राचा जुना संगणक आणि प्रतीक्षागृहाचे वाय-फाय यांना मज्जाव.

काही व्यवसायबंधू म्हणतात, एवढा खटाटोप कशाला? व्हॉट्सॲपवर कागदाचा फोटो पाठवावा. संदेश वाटेत सुरक्षित असेलही. पण तो फोटो मदतनिसाच्या फोनमध्ये राहतो, आणि नोकरी सोडली की त्याच्याबरोबर जातो. परक्याच्या लेकराची माहिती अशी खिशातून फिरावी, हे मला पटत नाही.

फायबरच तुटली तर? गेल्या पावसाळ्यात तुटली होती. दिवसभर आयांच्या पिशव्यांतील लसीकरणाची कार्डेच कामी आली.