पुढच्या खांबापर्यंत

पहाटे धावायला निघालेल्या नवख्याला पाच मिनिटांतच धाप लागते आणि मन निकाल देऊन मोकळं होतं: हे आपलं काम नाही. खरं तर शरीर तेव्हा कुठे तापू लागलेलं असतं. ही सुरुवातीची कासाविशी बहुतेकदा ओसरते.

थकवा मनामुळेही जाणवतो. 2009 साली संशोधक सॅम्युएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी 16 जणांना दीड तास डोकं शिणवणारं काम दिलं, मग दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. एरवीपेक्षा ते लवकर थांबले. हृदयाच्या, स्नायूंच्या मोजमापांत त्याचं कारण सापडेना. तेच श्रम त्यांना जास्त जड वाटत होते. ऑफिसात दिवसभर डोकेफोड करून संध्याकाळी धावणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. त्या दिवशी पाय उचलत नसतील, तर तो तुमचा नालायकपणा नव्हे.

आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती हळू धावण्याची तयारी. शेजारून कुणी झपाझप पुढे गेलं, की आपलाही वेग वाढतो आणि तिथेच दम संपतो. बोलता येईल इतक्याच वेगाने धावा. मध्ये चाललात तरी चालेल. (छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर मात्र थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.)

उद्या सकाळी किलोमीटर मोजू नका. पुढच्या विजेच्या खांबापर्यंत जा, मग त्याच्या पुढच्या.