विश्लेषण : जुन्या चित्रपटांचा मूळ रंग कसा जपणार?

पुण्यात मंडईला जाणाऱ्यांच्या तोंडी ‘आर्यन’ आणि ‘मिनर्व्हा’ ही नावे आजही असतात, ती वाहनतळांची म्हणून. पूर्वी याच नावांची चित्रपटगृहे तेथे होती. ‘आर्यन’ तर १९१५ मधले. चित्रपटगृहे गेली, तरी चित्रपट उरू शकतात. मात्र रंगीत चित्रपट तेव्हाच्याच रंगांत उरतील का, याचे उत्तर बऱ्याच अंशी याच शहरातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कोठारांवर अवलंबून आहे.

रंग का उडतो?
१९५० मध्ये आलेल्या ईस्टमनकलर पद्धतीत एकाच फिल्मवर तीन रंगांचे थर असतात. उष्णता आणि दमटपणामुळे हे रंग बंद डब्यातही फिके पडतात. जुन्या प्रिंटमध्ये बहुधा निळा-हिरवा थर आधी जातो आणि सारे दृश्य लालसर दिसू लागते. टेक्निकलरच्या छपाईतले रंग तुलनेने टिकाऊ ठरले. व्ही. शांताराम यांचा ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) टेक्निकलरमधला होता.

स्कॅन केले की झाले?
नाही. फिल्मवर आज जे शिल्लक आहे, तेवढेच स्कॅनर टिपतो. उडालेला रंग संगणकावर परत आणताना शालू डाळिंबी होता की कुंकवासारखा लाल, हे कोणीतरी ठरवावे लागते. त्यासाठी पुरावा हवा. रंग शाबूत असलेली त्या काळची प्रिंट हा एक पुरावा. दुसरा म्हणजे तिन्ही रंगांच्या स्वतंत्र कृष्णधवल प्रती. त्यांतील प्रतिमा चांदीच्या कणांची असल्याने रंग उडण्याचा प्रश्नच येत नाही. पुरावा नसेल, तर उरतो तो अंदाज.

नवी प्रत जुनीला मागे टाकते का?
‘मुघल-ए-आझम’ (१९६०) बव्हंशी कृष्णधवल होता. काही भागच टेक्निकलरमध्ये होता. २००४ मध्ये तो संगणकावर पूर्ण रंगीत झाला. अशा वेळी मूळ प्रत जपलेली नसेल, तर नवी आवृत्तीच मूळ म्हणून रूढ होते.

काय करायला हवे?
जानेवारी २००३ मध्ये पुण्यात संग्रहालयाच्या कोठाराला आग लागली आणि नायट्रेट फिल्मची अनेक रिळे कायमची गेली. २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुमारे २२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपयांची घोषणा केली. या पैशातून केवळ चकचकीत डिजिटल प्रती निघू नयेत. रंगीत रिळांसाठी थंड, कोरडी आणि अखंड वीज असलेली कोठारे हवीत. स्कॅननंतरही मूळ रीळ जपले पाहिजे. कोणता रंग कशाच्या आधारे ठरवला, याची नोंद प्रत्येक चित्रपटासोबत ठेवली पाहिजे. निर्मात्यांच्या वारसांनीही गोदामातली रिळे वेळीच संग्रहालयाकडे सोपवावीत. डिजिटल प्रतीत झालेली चूक पुढे सुधारता येईल. पण ती चूक होती हे कळण्यासाठी मूळ प्रिंट हाताशी असावी लागेल.