समुपदेशनाची भाषा

गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली, फ्रॉइडशी पत्रव्यवहारही केला. परंतु ‘स्वप्न’ हा ग्रंथ त्यांनी बंगालीत लिहिला. समुपदेशन हा व्यवसाय म्हणून पत्करू इच्छिणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाने हीच दृष्टी दिली पाहिजे. सिद्धांत इंग्रजीतून शिकता येतात. दुःख मात्र स्वभाषेतच बोलते. बंगाली माणसाचे ‘मन केमन करे’ आणि मराठी माणसाचे ‘जीव रमत नाही’ ही दोन्ही ‘नैराश्य’ या एका संज्ञेत मावत नाहीत. शिवाय ‘समुपदेशन’ या आपल्या प्रतिशब्दातच ‘उपदेश’ दडलेला आहे; व्यवसायाचा गाभा तर ऐकणे हा! म्हणून भारतीय भाषासाहित्याचे अध्ययन या अभ्यासक्रमाचे अधिष्ठान ठरावे. त्यावाचून पदवी हाती येईल, परंतु समोरच्याचे बोलणे कानांवर पडूनही उमगणार नाही.