विश्लेषण : ‘नारायणगावकर’ हे आडनाव आले कुठून?

गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोणी हाक मारत नाही. ‘-कर’ लागते ते बाहेर पडल्यावर, ‘कुठले तुम्ही?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून. दसऱ्यापासून वैशाखातल्या जत्रांपर्यंत मुक्काम बदलत राहणाऱ्या तमाशाच्या फडाला तर हा प्रश्न रोजचाच.

तमाशासम्राज्ञी विठाबाईंच्या घराण्याचे मूळ आडनाव खुडे. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या काळात तो ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ म्हणून गाजला. माणसे, जात आणि गाव, तिन्ही एकाच नावात. खुडे तेवढे मागे पडले.

हे ‘-कर’ म्हणजे जन्मगाव नव्हे. विठाबाई १९३५मध्ये पंढरपुरात जन्मल्या. कांताबाई सातारकर तर गुजरातेत जन्मल्या, साताऱ्यात वाढल्या आणि संगमनेरला स्थिरावल्या. त्यांचे चिरंजीव रघुवीर मात्र वडिलांचे ‘खेडकर’ लावतात. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांचा फड ‘करवडीकर’ झाला. (गावाचे नाव गावापेक्षा जास्त टिकते, हे शेजारच्या आंबेगाव तालुक्याला सांगायला नको. मूळ आंबेगाव डिंभे धरणात बुडाले, कचेरी घोडेगावात, तालुका अजून आंबेगावच.)

आज राज्य सरकार तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते तो ‘विठाबाई नारायणगावकर’ या नावाने. त्यात ‘मांग’ नाही. जात गळाली ते बरेच झाले, असे म्हणणे सोपे आहे. पण ज्या समाजाची वस्ती गावाने कडेला ठेवली, त्याच समाजातल्या दोन भावांनी आपली जात न लपवता त्या गावाचे नाव फडाला लावले आणि राज्यभर नेले. पूर्ण नावातला हा ठामपणा छोट्या नावात उरत नाही. पुरस्काराचे नाव बदलण्याची गरज नाही, मात्र विठाबाईंच्या परिचयात फडाचे पूर्ण नाव छापायला सरकारला काहीच अडचण नसावी.

नारायणगावाला आता ‘तमाशा पंढरी’ म्हणतात. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि जत्रेची सुपारी द्यायला गावोगावचे कारभारी येतात. त्यांच्या हातातल्या पत्रकांवरची बहुतेक नावे अजूनही ‘-कर’नेच संपतात.